पाखरांचे व सरपटणाऱ्या जीवांचे वैद्यक

मनुष्याने ज्या जनावरांकडून काम करून घेतले, त्यांच्या दुखण्याखुपण्याची चिंता त्याने फार प्राचीन काळापासून वाहिली आहे. शालिहोत्राचे अश्ववैद्यक व पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद ही नावे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी संस्कृत घेतले आहे त्यांच्या कानांवरून गेली असतील. घोडा लढाईस उपयोगी, हत्ती राजवैभवास उपयोगी, बैल शेतीस उपयोगी. म्हणून त्यांस वैद्य मिळाला. पाखरांपैकी असे भाग्य ससाण्यास लाभले, कारण राजेलोक त्याच्याकडून शिकार करवीत. कुमाऊंच्या रुद्रदेव राजाच्या श्यैनिकशास्त्र नामक ग्रंथात ससाण्यांच्या व्याधींचाही विचार केलेला आहे. पण चिमणी, बगळा, कासव, धामण ह्यांच्याकडे वैद्याने वळून पाहावे असे कोणास वाटले नाही. ह्यांच्या वाट्यास आली ती केवळ दया. आणि दयेने ह्या जीवांचे पुष्कळदा नुकसानच केले आहे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आम्ही लिहीत आहो.

आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात, गव्हाणहून शाळेस येणारा सातवीतला एक विद्यार्थी सकाळच्या घंटेपूर्वी रुमालात काहीतरी गुंडाळून आमच्याकडे आला. उलगडून पाहतो तो खंड्या पक्षी. वाटेवरील एका नव्या इमारतीच्या काचेवर आपटून तो खाली पडला होता. त्याची चोच उघडी होती, छाती भराभर हालत होती आणि अंग हातास चांगलेच कढत लागत होते. ह्यास ताप चढला आहे व तहान लागली आहे, असा तर्क करून आम्ही चहाच्या चमच्याने त्याच्या चोचीत पाणी घातले. त्याने दोनदा मान झाडली आणि आमच्या तळहातावरच प्राण सोडला. मुलगा रडू लागला. मार फार बसला होता, असे सांगून आम्ही त्याची समजूत घातली, आणि शाळेमागील आंब्याखाली दोघांनी मिळून ते पाखरू पुरले.

पुढे काही महिन्यांनी मुंबईस एका पशुवैद्य स्नेह्यांपाशी ही हकीकत सहज निघाली. त्यांनी सर्व ऐकून घेतले व एकच प्रश्न विचारला, “पाणी तुम्ही घातले, की त्याने प्यायले?” काचेवर आपटलेली पाखरे बहुधा भोवंडलेली असतात आणि अंधारात स्वस्थ ठेवल्यास त्यांतील पुष्कळ तासा-दोन तासांत सावध होऊन उडून जातात, असे ते म्हणाले. आमचे पाखरू काचेने मेले नसावे. ते चमचाभर पाण्यात बुडून मेले असावे. तो मुलगा यंदा दहावीत आहे. त्यास आम्ही हे आजवर सांगितलेले नाही. आता ह्या लेखात तो ते वाचील.

असे का व्हावे? मनुष्याच्या गळ्यात अन्नाची वाट व श्वासाची वाट जेथे विभागतात तेथे एक झाकण आहे. घास गिळताना ते श्वासनलिकेवर पडते. पाखरास असे झाकण नाही. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी, अगदी समोर उघडते. स्वतः पाणी पिताना पाखरू ते बिनचूक मिटून घेते. परंतु भोवंडलेल्या पाखराच्या चोचीत दुसऱ्याने पाणी ओतले की ते सरळ फुप्फुसांकडे जाते. म्हणून अर्धवट शुद्धीवर असलेल्या पाखरास पाणी, दूध, साखरेचे पाणी, ब्रँडी, काहीही पाजू नये. पशुवैद्यास द्रव पदार्थ पोटात घालावयाचा झाल्यास तो बारीक नळी अन्ननलिकेतून थेट अन्नपिशवीपर्यंत पोहोचवितो, आणि तेही पाखरू सावध व ऊबदार झाल्यावरच.

ताप चढला आहे हा आमचा दुसरा तर्कही तितकाच चुकीचा होता. मनुष्याच्या शरीराचे उष्णतामान ३७ अंश सेंटिग्रेड असते; पाखराचे सामान्यतः ४० ते ४२. निरोगी पाखरू आपल्या हातास नेहमी तापल्यासारखेच लागणार. उलट ज्या पाखराचे अंग आपल्या हाताइतकेच कोमट लागते, ते खरोखर गारठलेले असते. कित्येक दयाळू लोक उन्हाळ्यात पडलेल्या पाखरावर पाण्याचा हबका मारतात. खरोखर उष्माघात झालेला असेल तर पाय थोडे ओले करणे योग्य होईल; परंतु जखमी व घाबरलेल्या पाखराची पिसे भिजविणे म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्या मनुष्याच्या अंगावरचे पांघरूण काढून घेणे होय.

श्वासोच्छ्वासाचीही तीच तऱ्हा. आपल्या छातीखाली एक स्नायूचा पडदा आहे. तो खालीवर होऊन हवा आत-बाहेर जाते. पाखरास तो नाही. त्याच्या फुप्फुसांस जोडलेल्या पातळ हवेच्या पिशव्या, बहुतेक जातींत नऊ, सर्व अंगात पसरलेल्या असतात; आणि छातीचे हाड पुढेमागे हालले तरच त्यांत हवा खेळते. पाखरू निसटू नये म्हणून मुले त्यास मुठीत घट्ट आवळून धरतात. नाक-चोच मोकळी आहे, मग ते गुदमरेल कसे, असे त्यांस वाटते. पण छाती हालू दिली नाही तर ते मुठीतच गुदमरते. शिवाय पंखाच्या खांद्याजवळील हाड पोकळ असून ह्या हवेच्या पिशव्यांशी जोडलेले असते. तेथे हाड मोडून जखम झाली असता तीत औषधाचे पाणी ओतणे म्हणजे ते श्वासमार्गातच ओतणे.

आणखी एक गोष्ट. घरातील आजीबाई जखमेवर हळद व खोबरेल तेल लावतात. मनुष्याच्या त्वचेस त्याचा उपयोग होत असेल. आम्ही त्याची निंदा करीत नाही. पाखराच्या बाबतीत मात्र तेल, तूप वा मलम पिसांस लागले की पिसांची वीण बिघडते, पाणी आत शिरते व ऊब बाहेर जाते. पाणपक्षी असेल तर त्यास पुढे पोहताही येत नाही. रक्ताविषयी सांगावयाचे तर पाखराच्या अंगातील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असते. पंचवीस ग्रॅम वजनाच्या चिमणीत अडीच घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा रक्त झाले. ह्यावरून तिच्या चार-सहा थेंबांची किंमत काय असेल ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटे हलके दाबून धरावे. एवढा एक उपचार आपल्या हाती आहे.

मग करावे काय? तर फारच थोडे, आणि ते थोडे करणेच कठीण जाते. बुटांचा रिकामा खोका घ्यावा. त्यास बाजूंनी पेन्सिलीच्या टोकाएवढी भोके पाडावीत, तळाशी जुने सुती कापड अंथरावे, पाखरू त्यात ठेवून झाकण लावावे आणि खोका निवांत, ऊबदार जागी, मांजर व लहान भावंडे ह्यांच्यापासून दूर ठेवावा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पाखराची नजर मोठी तीक्ष्ण. त्याच्या दृष्टीने आपण शिकारी. आपण गोंजारतो तेव्हा ते निश्चल बसते, ते आपणास प्रेम कळले म्हणून नव्हे. भीतीने त्याची हालचाल थांबलेली असते. आजारी पाखरू आपले दुखणे शेवटपर्यंत लपविते, कारण रानात दुबळे दिसणारे पाखरूच आधी मारले जाते. म्हणून पाखरू फुलून, डोळे मिटून बसलेले दिसले की आजार आज सुरू झाला असे न समजता तो बराच वाढला आहे असे समजावे. बगळा, ढोकरी, पाणकावळा अशा लांब चोचीच्या पक्ष्यांस हात लावावयाचा झाल्यास प्रथम त्यांच्या अंगावर पंचा टाकावा व आपला चेहरा दूर ठेवावा. ते भीतीने डोळ्यांवर चोच मारतात. घरट्याखाली उड्या मारणारे, पिसे फुटलेले पिल्लू जखमी नसल्यास घरी आणूच नये. त्याची आई जवळच असते. ते उडावयास शिकत असते.

गव्हाणच्या मुलांस ह्या ज्ञानाची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. एके काळी ह्या भागात खाडी, खारफुटी, मिठागरे व भातखाचरे एवढेच होते. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून येणारा अटल सेतू सुरू झाला. २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. तारा, काचेच्या भिंती व रात्रीचे झगझगीत दिवे ह्यांची पाखरांस ओळख नाही. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत घाटकोपरजवळ उतरत्या विमानाचा धक्का लागून तिसांहून अधिक रोहित पक्षी एका रात्रीत मेले, हे आमच्या वाचकांस स्मरत असेलच. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांजाने पंख चिरलेल्या घारी, घुबडे व कबुतरे दवाखान्यांत येतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी झाडांवर अडकलेले त्याचे तुकडे पुढील पावसाळ्यापर्यंत आपले काम करीतच असतात.

मुंबईत जनावरांच्या शुश्रूषेची परंपरा जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभाई व त्यांचे सहकारी ह्यांनी १८३४ मध्ये पांजरपोळ स्थापिली. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ झाले, आणि तेथेच १८८६ मध्ये पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. ह्या संस्थांनी गुरे, घोडे व कुत्री ह्यांवर अपार उपकार केले आहेत. परंतु पशुवैद्याचे शिक्षण दीर्घकाळ मुख्यतः सस्तन प्राण्यांभोवतीच फिरत राहिले; आणि गाईस जे मानवले ते सर्वांस मानवेल अशी एक समजूत नकळत रूढ झाली. ह्या समजुतीची किंमत आपल्या देशात गिधाडांनी दिली. ती कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

आमच्या बालपणी, १९८५ च्या आसपास, गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याची जागा असे, आणि तेथे गिधाडांचा थवा उतरलेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे. बैल मेल्याची बातमी त्यांस कोण देई कोण जाणे. पण तास-दोन तासांत नुसता सांगाडा उरे. पुढे शिक्षणासाठी आम्ही परगावी गेलो, आणि परत आलो तेव्हा जागा होती, हाडेही होती. त्यांवर भटकी कुत्री होती. गिधाड नव्हते. आम्हांस त्याचे विशेष काही वाटलेही नाही, हे कबूल केले पाहिजे. ओंगळ मानलेल्या पक्ष्याची गैरहजेरी कोण मांडून ठेवतो?

ती मांडून ठेवली मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, संशोधक डॉ. विभू प्रकाश ह्यांनी. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ते गिधाडांची नोंद ठेवीत. १९९० नंतरच्या दशकात त्यांस घरटी रिकामी व झाडांवर मान टाकून बसलेले पक्षी दिसू लागले. पुढे हेच चित्र देशभर आढळले. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ ह्या काळात हजारी नऊशे नव्याण्णव ह्या प्रमाणात नाहीसे झाले. लांब चोचीच्या गिधाडांची गतही फारशी निराळी नव्हती. प्रथम संसर्गजन्य रोगाचा संशय घेण्यात आला. मेलेल्या पक्ष्यांची शरीरे उघडून पाहिली असता काळीज, यकृत व मूत्रपिंडे ह्यांवर पांढरा थर सापडे, जणू कोणी खडूची पूड फासली आहे.

ह्या पांढऱ्या पुडीतच सर्व उत्तर होते. आपण शरीरातील नत्रयुक्त मळ युरियाच्या रूपाने पुष्कळ पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पाखरे व बहुतेक सरपटणारे जीव तो युरिक आम्लाच्या रूपाने, लगद्यासारखा, अत्यल्प पाण्यात टाकतात. पाखराच्या विष्ठेतील पांढरा भाग तो हाच. मूत्रपिंड बंद पडले की हे आम्ल रक्तात साठते आणि स्फटिक होऊन इंद्रियांवर बसते. गिधाडांची मूत्रपिंडे कशाने बंद पडत होती? लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात संशोधन करून २००४ मध्ये ते जाहीर केले. कारण होते डायक्लोफेनॅक.

हे औषध वेदना व सूज कमी करणारे. बैल लंगडू लागला, गाईच्या कासेस सूज आली, म्हाताऱ्या जनावरास उठवेना, की शेतकरी दयेने डॉक्टर बोलावी व डॉक्टर हे टोचून जाई. औषध स्वस्त होते, गुण लवकर येई, आणि गुरांस अपाय होत नसे. जनावर त्यातूनही मेले तर त्याचे प्रेत उघड्यावर टाकले जाई व त्याच्या मांसात उरलेले औषध गिधाडाच्या पोटात जाई. एका प्रेतावर कित्येक गिधाडे जेवतात. त्यामुळे शंभर प्रेतांत एकाहूनही कमी प्रेत दूषित असले तरी जातीचा निर्वंश व्हावयास ते पुरेसे होते, असे गणिताने दिसून आले. म्हणजे एका मुक्या जिवाची वेदना शमविण्यासाठी टोचलेल्या सुईने दुसऱ्या जातीचा जवळजवळ उच्छेद केला. आणि त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता.

भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी ह्या औषधाचे उत्पादन बंद केले. मनुष्यांसाठी निघणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांस टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे औषध गिधाडांस बाधत नाही असे प्रयोगांनी ठरले आहे. पुढे तशाच घातक ठरलेल्या केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक ह्या औषधांवरही २०२३ मध्ये गुरांच्या बाबतीत बंदी आली. मुंबईतील पारशी समाजास ह्या आपत्तीची झळ निराळ्याच रीतीने लागली. डुंगरवाडीच्या दोखम्यांवर गिधाडे येईनाशी झाली आणि शतकानुशतकांचा अंत्यविधी अडून बसला. आमच्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती जपण्याचे काम गावकरी, पक्षिप्रेमी व वनखाते ह्यांनी चालविले आहे. गव्हाणात आता बैलजोड्या फारशा उरल्या नाहीत. परंतु ज्या विद्यार्थ्यांच्या आजोळी गुरे आहेत त्यांनी सुट्टीत गेल्यावर, गुरांस कोणती सुई देतात, एवढे विचारण्यास काही हरकत नाही.

घरच्या कोंबड्यांविषयी थोडक्यात लिहितो. मान मुरडून, हिरवट विष्ठा टाकीत कोंबड्या पटापट मरतात तो मानमोडी रोग. त्याचे शास्त्रीय नाव आपल्या देशात राणीखेत पडले आहे, कारण १९२७ मध्ये तो कुमाऊंतील त्या गावी आढळला. त्याच्या आदल्याच वर्षी तो जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे दिसला होता. ह्यावर औषध नाही. लसूण, काढे, ताईत, सर्व व्यर्थ. लस मात्र आहे: पिल्लू पहिल्या आठवड्यात असता डोळ्यात वा नाकात एक थेंब, व पुढे सुमारे आठव्या आठवड्यात टोचणी. लस थंड राखली नाही तर ती नुसते पाणी होते. बाजारातून पिशवीत घालून उन्हातून आणलेल्या लशीस दोष देण्यात अर्थ नाही. बर्ड फ्ल्यूची गोष्ट निराळी. २०२५ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात, जंगल सत्याग्रहामुळे प्रसिद्ध असलेल्या चिरनेर येथे, घरगुती कोंबड्यांत तो आढळला व त्या भागातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकाएकी अनेक कोंबड्या किंवा रानपाखरे मेलेली दिसल्यास उघड्या हाताने उचलू नयेत, खाडीत टाकू नयेत; पशुसंवर्धन खात्यास कळवावे.

आता सरपटणाऱ्या जीवांकडे वळू. ह्यांच्याविषयी आमच्या मनात दोनच भाव असतात: एक भीतीचा, दुसरा पूजेचा, आणि दोहोंतही त्या जीवाच्या शरीराचा विचार नसतो. साप दूध पितो ही समजूत घ्या. दूध हे त्याचे अन्न नव्हे व ते पचविण्याची सोय त्याच्या पोटात नाही. गारुडी लोक नागास कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवीत. मग तहानेने व्याकुळ झालेला तो जीव जे समोर येई ते पिई. सापाचे उजवे फुप्फुस लांबलचक असते व डावे बहुधा नाममात्र. छातीखालचा पडदा त्यासही नाही, त्यामुळे आपल्याप्रमाणे जोराने खोकून आत गेलेला द्रव बाहेर फेकणे त्यास साधत नाही. बळेच पाजलेले दूध फुप्फुसात साचून कुजते. नागपंचमीनंतर सुटका केलेल्या सापांत अशा फुप्फुसदाहाने मेलेले आढळतात. नागाचे पूजन करणाऱ्या आमच्या बंधूंच्या श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. वाटी मात्र दूर ठेवावी.

सरपटणाऱ्या प्राण्याचे रक्त थंड असते असे क्रमिक पुस्तकांत लिहिलेले असते. त्याचा खरा अर्थ असा की, त्याच्या शरीराची शेगडी बाहेर, सूर्यात आहे. ऊब असेल तर त्याचे अन्न पचते, जखम भरते, रोगाशी झुंज चालते. ऊब नसेल तर सर्व कारखाना मंद होतो. म्हणून जाणता पशुवैद्य सापास वा कासवास औषध देण्यापूर्वी त्या जातीस योग्य ती ऊब देतो. गारठलेल्या शरीरात औषध नुसते पडून राहते. सुई टोचण्याची जागाही निराळी. ह्या प्राण्यांच्या मागील अंगातील रक्ताचा काही भाग प्रथम मूत्रपिंडांतून जातो; तेव्हा मागील पायात टोचलेले औषध सर्व शरीरास पोहोचण्यापूर्वीच गाळले जाण्याची वा मूत्रपिंडास इजा करण्याची भीती असते. पशुवैद्य शक्यतो पुढील अर्ध्या भागात टोचतात. आणि गिधाडांच्या कथेस जोड म्हणून हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे की, शेळ्यामेंढ्यांच्या जंतांवर व गोचिडांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवास दिल्यास त्यास पक्षाघात होऊन ते मरू शकते.

कासवाचा विषय निघालाच आहे. आमच्या काही विद्यार्थ्यांचे वडील व काका खाडीच्या मुखाशी आणि समुद्रात मासेमारी करतात. जाळ्यात कधी ऑलिव्ह रिडले जातीचे कासव सापडते. कासव पाण्यात राहत असले तरी श्वास फुप्फुसांनीच घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते बुडते. असे निश्चल कासव मेले समजून परत फेकतात, किंवा जिवंत असावे ह्या आशेने लगेच पाण्यात सोडतात. दोन्ही चूक. बेशुद्ध कासव पाण्यात सोडले की ते खरोखर बुडून मरते. त्यास होडीतच पोटावर, उताणे नव्हे, ठेवावे, मागील भाग वीतभर उंच करावा, म्हणजे फुप्फुसांतील पाणी तोंडावाटे गळून जाईल, अंगावर ओले फडके घालावे, पण नाकपुड्या झाकू नयेत, सावली करावी. चार तास, प्रसंगी चोवीस तासही वाट पाहावी लागते. ह्या जीवांचे हृदय फार सावकाश चालू शकते, आणि पुष्कळ वेळाने डोळ्याच्या कडेस बोट लावताच पापणी हालते. तेव्हा यंत्र बंद करून त्यास हळूच पाण्यात सोडावे. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमारास महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना केली आहे, हेही घरी सांगावे. ज्यांचे पाय जाळ्याच्या दोरांनी कापले गेले आहेत किंवा जी पावसाळ्यात दुर्बल होऊन किनाऱ्यास लागतात, त्यांच्यासाठी पालघर जिल्ह्यात डहाणू येथे उपचारकेंद्र आहे. तेथे हौदांत ठेवून कित्येक महिने त्यांची शुश्रूषा केली जाते.

घरातील काचेच्या भांड्यात पाळलेल्या लहान कासवांची दशा ह्याहून करुण, कारण ती सावकाश होते. नुसते कोरडे जवळे खाऊन डोळे सुजतात; हा अ जीवनसत्त्वाचा अभाव. ऊन व चुना न मिळाल्याने पाठ मऊ व वेडीवाकडी होते. ती पाठ म्हणजे दगडी टोपी नव्हे. ते जिवंत हाड आहे, त्यास रक्त आहे व संवेदना आहे. तिच्यावर रंग देणे वा दोरी बांधण्यास भोक पाडणे हे आमच्या नखावर खिळा मारण्यासारखेच होय. शुभ म्हणून विकली जाणारी तारांकित पाठीची कासवे, तसेच पिंजऱ्यातील आपले देशी पोपट, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळताच येत नाहीत.

साप जखमी असला तरी मुलांनी त्यास हात लावू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ओळखता येतात असे म्हणणारी मुलेच अधिक धोक्यात असतात. मेल्यासारखा पडलेला साप, इतकेच काय पण तुटलेले डोकेही, काही वेळ दंश करू शकते. परसातील मासळीच्या जुन्या जाळ्यात धामण वा दिवड अडकली तर जाळे ओढू नये; तिच्या खवल्यांत ते अधिकच रुतते. वर टोपली झाकून, दूर राहून सर्पमित्रास वा वनखात्यास बोलवावे. वनखात्याच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. तो वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. जखमी रानपाखरू घरी ठेवून घेण्यास कायद्याची परवानगी नाही, व त्यात त्याचे हितही नाही. खोक्यात ठेवणे आणि कळविणे, येथवरच आपला अधिकार.

असा एक खोका गेल्या जूनपासून आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवलेला आहे. आजवर त्यात पाच पाखरे येऊन गेली. एक कोकीळ व दोन सातभाई दुपारच्या सुट्टीच्या आतच उडून गेले, एक ढोकरी वनखात्याचे लोक घेऊन गेले, आणि मांजराने धरलेले एक बुलबुल रात्रीत मेले. खोक्यास भोके पाडण्याचे काम आरंभी सांगितलेल्या त्याच मुलाने केले. ते करून झाल्यावर त्याने विचारले, “सर, पाण्याची वाटी कोठे ठेवू?” आम्ही म्हणालो, “वाटी नको.” त्याने कारण विचारले नाही आणि आम्हीही त्या दिवशी ते सांगितले नाही.